चाक

काल दुपारी घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात माझ्या जुन्या ऑलिम्पस एक्सए कॅमेऱ्यासाठी शर्टाच्या बटणाएवढे दोन सेल घ्यायला गेलो. दुकानदारांनी ते स्वतःच आत बसवले, झाकण सरकवले, लाल बटणावर बोट टेकवले आणि काहीच ऐकू न आल्यामुळे कॅमेरा बिघडला आहे असे जाहीर केले. मी फिल्म पुढे सरकवणारे चाक फिरवलेले नव्हते, त्यामुळे तो वाजण्याचा प्रश्नच नव्हता. पण फिरवलेले असते तरी रस्त्यावरच्या गोंगाटात त्यांना काही ऐकू आले नसते.

योशिहिसा मैतानी यांनी घडवलेला हा कॅमेरा 1979 साली बाजारात आला. साबणाच्या वडीएवढा आहे, खिशात मावतो. मोठ्या कॅमेऱ्यातला आरसा फोटो काढताना फटकन वर उडतो आणि सगळी बैठक सावध होते. याच्यात आरसाच नाही, भिंगापाशी बारीक पाती उघडतात आणि मिटतात. मित्र गप्पांत रंगलेले असताना त्यांना न सांगता फोटो काढण्याची मला खोड आहे, आणि ‘रेडी?’ या शब्दाचा मला मनापासून तिटकारा आहे. तो उच्चारला की भलाभला माणूस पोट आत घेतो.

याचे मूळ बहुधा आमच्या घरातल्या आग्फा क्लिक थ्रीमध्ये असावे. एका रोलवर बारा फोटो निघत आणि त्या बारांत मुंज, सहल आणि नवा फ्रिज असे सगळे बसवायचे असे, म्हणून वडील एकेक फोटो सोने तोलावे तसा काढत. ऊन फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवे, हा त्यांचा नियम होता. परिणामी माझ्या बालपणाच्या प्रत्येक फोटोत आम्ही सगळे सूर्याकडे तोंड करून, डोळे किलकिले करून, कोणावर तरी रागावल्यासारखे उभे आहोत. अपवाद एकच. आजी पदराचे टोक दातांत धरून अंबाड्यात आकडा खोवत होती आणि वडिलांचे बोट चुकून आधीच दाबले गेले. ‘वाया गेला’ म्हणून तो अल्बममध्ये लागला नाही. मी तो लिफाफ्यातून काढून घेतला, आणि आजी म्हटले की मला आजही तोच फोटो आठवतो.

माझ्या कॅमेऱ्यात एक खोट आहे. फोटो निमूट निघतो, पण पुढच्या फोटोसाठी अंगठ्याने मागचे दातेरी चाक फिरवावे लागते आणि ते किर्र वाजते. शाळेपासूनचा माझा एक मित्र या आवाजावर टपलेला असे. गोष्टीच्या ऐन भरात तो मान न वळवता म्हणे, ‘केलीस का चोरी?’ आणि पुढचे वाक्य सुरू करी. त्याचा एक डोळा सतत माझ्या अंगठ्यावर असावा असा मला संशय होता.

गेल्या श्रावणात तो गेला. वहिनींचा फोन आला, ‘भाऊजी, तुमच्याकडे ह्यांचे इतके फोटो आहेत, हार घालायला एक द्या, समोर बघणारा.’ मी रात्रभर पाकिटे उपसली. हसून मागे टाकलेली मान, विड्यावर चुना लावणारे बोट, मुलीच्या चपलेचा पट्टा लावताना वाकलेली पाठ, आठवत नसलेले नाव शोधायला छताकडे गेलेली नजर, असे साठेक फोटो निघाले, पण समोर बघणारा एकही नव्हता. शेवटी वहिनींनी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून घेतला.

कॅमेऱ्यात रोल तेव्हाचाच आहे. छत्तीसपैकी बावीस फोटो झालेले आहेत, आणि बाविसावा त्याचा आहे. त्यातही तो खाली बघून बशीत चहा ओततो आहे, हे मला पक्के ठाऊक आहे. त्या संध्याकाळी दारावरची बेल वाजली आणि चाक फिरवायचे राहून गेले, त्यामुळे हा फोटो काढल्याचे त्याला कळले नाही.

सेल नवे बसवले आहेत. चाक अजून फिरवलेले नाही.