तुम्ही विचारलंत म्हणून : मग कामाला कोण जाईल?

सरकारने प्रत्येकाला दरमहा ठरावीक रक्कम द्यावी, कुठलीही अट न घालता, या मताची मी आहे. लोक याला सार्वत्रिक मूलभूत उत्पन्न किंवा युनिव्हर्सल बेसिक इन्कम म्हणतात. विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "घरबसल्या पैसे मिळायला लागले तर कामाला कोण जाईल?" कुणी हसत विचारतं, कुणी चिडून.

या प्रश्नाला मी हसण्यावारी नेत नाही, कारण मदतीपायी हातचं काम सोडणारी माणसं मी पाहिली आहेत. नोकरीतली 19 वर्षं मी मदतीच्या अर्जांची छाननी केली. खिडकीच्या आत मी, बाहेर रांग.

त्या रांगेत एक बाई यायच्या. नवरा वारलेला, दोन मुलं, तुटपुंजं मासिक अनुदान. एकदा त्यांना हंगामी काम चालून आलं. सहाच आठवड्यांचं, पण पैसे अनुदानाच्या दुपटीहून जास्त. खिडकीशी वाकून त्यांनी हळूच विचारलं, "मॅडम, हे काम घेतलं तर माझं नाव राहील ना?" नाही राहणार, मी म्हटलं. उत्पन्न मर्यादेबाहेर गेलं की नाव कमी. पुन्हा लावायचं तर नवा अर्ज, नवे दाखले, नवी चौकशी. पाच-सहा महिने कुठे गेले नाहीत. त्या बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत राहिल्या. मग म्हणाल्या, "नको मग." आणि निघून गेल्या.

कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, बघा, फुकटाची सवय लागली. पण त्या बाईंचा हिशोब चोख होता. चार पैसे मिळवले की चार पैसे कापायचे, शिवाय यादीतून नाव उडवायचं, असा नियम असेल तर काम करणं हा तोट्याचा व्यवहार होतो. रक्कम विनाअट असती तर त्यांनी ते सहा आठवडे आनंदाने घेतले असते, कारण काम संपल्यावरही मूळ पैसे चालूच राहिले असते. आळशीपणाला आळा बसावा म्हणून घातलेली अटच त्यांना घरी बसवत होती. मला हे कळायला बरीच वर्षं लागली. तोवर मी अर्ज फेटाळत होते आणि आपण काटेकोर आहोत याचा अभिमानही बाळगून होते.

फिनलंडने नेमका हाच धागा धरला होता. 2017 आणि 2018 अशी दोन वर्षं त्यांनी 2,000 बेरोजगारांना दरमहा 560 युरो दिले. नोकरी लागली तरी रक्कम सुरू. लोक लोळत पडले नाहीत. इतर बेरोजगारांपेक्षा त्यांचे कामाचे दिवस वर्षाला सहाएक जास्तच भरले. एवढ्याशा फरकावर मी नाचणार नाही, कारण त्याच काळात तिथले बेरोजगार भत्त्याचे नियमही बदलले होते. शिवाय पैसे फक्त बेरोजगारांना मिळत होते, त्यामुळे 'सार्वत्रिक' हा शब्दही तिथे पुरता लागू नव्हता. पण त्या लोकांची मनं जास्त स्वस्थ होती, हे त्यांनी स्वतः सांगितलं.

कॅनडातल्या डॉफिन गावात 1974 ते 1979 या काळात कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना किमान उत्पन्नाची हमी दिली गेली. पुढे सरकार बदललं, उत्साह ओसरला आणि सगळी कागदपत्रं सुमारे 1,800 खोक्यांत भरून ठेवली गेली. कितीतरी वर्षांनी एव्हलिन फोर्जे या अर्थतज्ज्ञ बाईंनी त्या प्रयोगाचा माग काढला. त्या काळात इस्पितळात दाखल होणाऱ्यांचं प्रमाण 8.5 टक्क्यांनी घटलेलं, आणि अकरावीनंतर शाळा सोडण्याऐवजी बारावीला जाणारी मुलं वाढलेली. आता मुलगा मजुरीला न जाता वर्गात बसला, तर आकडेवारीत 'काम कमी झालं' असंच दिसणार. म्हणून कुणी मला घटलेल्या तासांचा आकडा दाखवला की मी आधी विचारते, कुणाचे तास?

दुसरा प्रश्न येतो, श्रीमंतांना कशाला द्यायचे? द्यायचे आणि करातून परत घ्यायचे. गरीब कोण हे शोधत बसण्यापेक्षा हे सोपं आहे, कारण कर गोळा करणारी यंत्रणा आधीच असते. मात्र कर वाढवावा लागणार हे लपवण्यात अर्थ नाही. 2016 मध्ये स्वित्झर्लंडच्या मतदारांनी ही कल्पना सुमारे 77 टक्के मतांनी फेटाळली, तेव्हा खर्चाचा धसका हे एक मोठं कारण होतं.

माझ्या शंका वेगळ्याच आहेत. इराणने 2010 च्या अखेरीस इंधनावरचं अनुदान कमी केलं आणि त्या बदल्यात जवळपास सगळ्या लोकसंख्येला दरमहा माणशी 4,55,000 रियाल द्यायला सुरुवात केली. लोकांनी कामं सोडल्याचं तिथेही आढळलं नाही. पण रक्कम होती तिथेच राहिली आणि महागाई चढत गेली. काही वर्षांत त्या पैशांत फारसं काही येईना. कायदा कुणी रद्द केला नाही. योजना कागदावर शाबूत, आतून पोखरलेली. याची मला आळशी लोकांपेक्षा जास्त धास्ती वाटते.

आणि या कल्पनेचे सगळेच पाठीराखे माझ्या गोटातले नाहीत. काहींना बाकीच्या सगळ्या योजना गुंडाळून हातावर एक रक्कम टेकवायची आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला धडधाकट माणसाइतकेच पैसे दिले तर ती समानता कसली? त्या टोळीत मला धरू नका.

तर, कामाला कोण जाईल? बहुतेक सगळेच जातील, असं मला वाटतं. एक काम मात्र नक्की बंद पडेल. अर्जाच्या डाव्या कोपऱ्यात लाल शाईने 'उत्पन्न मर्यादेबाहेर' असा शेरा मारायचा आणि खाली सही करायची. ते 19 वर्षं मीच करत होते.