भरती चढताना सापडलेलं बेट

ऑक्टोबरची सकाळ, सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वकाठचं खाजण. स्पार्टिना गवताची संकरित बेटं शोधायची आणि जीपीएसवर नोंदवायची, हे आमचं काम. इथलं मूळचं स्पार्टिना बुटकं, विरळ. 1970 च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाने फ्रीमॉन्टजवळच्या अलामेडा क्रीकच्या पूरकालव्यापाशी अटलांटिक किनाऱ्यावरची जात आणून लावली. हेतू चांगलाच होता, खाजण पुन्हा उभं करायचं. पण दोन्हींचा संकर झाला आणि तो दोघांनाही भारी पडला. मूळ गवत जिथे तग धरत नाही अशा खोल चिखलातही तो रुजतो, गाळ अडवतो, ओहोळ बुजवतो. ओहोटीला ज्या उघड्या चिखलावर किनारपक्षी पोट भरतात, तोच नाहीसा होतो. कोयोटी हिल्सच्या टेकड्यांवर फिरायला येणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना मात्र खाली सगळं छान हिरवंगारच दिसतं.

सुरुवातीचा संकर लांबूनही ओळखू येतो. मूळ जातीशी पुन्हापुन्हा मिसळला की डोळे फसतात. त्या दिवशीचं बेट तसंच होतं. उंची मध्यम, पण खोडाचा बुंधा लालसर. डीएनए तपासणीसाठी मी पान खुडून पाकिटात घातलं, तोच बेटातून टाळ्या वाजवल्यासारखा आवाज आला. कट्-कट्-कट्. रिजवेज रेल! कोंबडीएवढा, लांब चोचीचा, 1970 पासून संकटग्रस्त यादीत असलेला पक्षी. शेपटी उडवत तो बाहेर आला, आम्हाला बघितलं आणि पुन्हा आत घुसला. भरती चढत होती; आजूबाजूला लपायला तेवढंच उंच गवत होतं.

हा पेच जुनाच. 2005 पासून तणनाशकाने शेकडो एकर संकर हटला, पण त्याच काळात रेलही घटले. म्हणून 2011 पासून काही जागी फवारणी थांबवली गेली. माझ्या मते संकर काढायलाच हवा, पण आधी पक्ष्याला आडोसा देऊन.

"दोन्ही नोंदव, गवत आणि पक्षी," माझी वरिष्ठ सहकारी म्हणाली.

तपासणीत संकरच निघाला. जागा फवारणीबंदीच्या यादीत नव्हती, तेव्हा विणीचा हंगाम संपल्यावर, म्हणजे पुढच्या सप्टेंबरात फवारणी होणारच होती. मी अहवालात आधी पक्ष्याच्या आडोशासाठी ग्रिंडेलियाची, म्हणजे इथल्याच खाजणातल्या एका वनस्पतीची झुडपं लावायची मागणी केली. ती मान्य झाली आणि त्याच हिवाळ्यात ओहोळाच्या उंच काठावर आम्ही रोपं लावली.