आबांनी कमरेला बांधलेलं किलोचं माप

शाळेच्या हीरक महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा म्हणून फोन आला आणि माझ्या डोळ्यापुढं एकदम 1982 सालची क्रांतिदिनाची सकाळ उभी राहिली. मी आठवीत होतो, बाहेर पाऊस लागलेला, आणि इतिहासाच्या सरांनी आपल्याच वाळवा तालुक्यातल्या एका स्वातंत्र्यसैनिकांना वर्गात आणलं होतं. सगळे त्यांना आबाच म्हणायचे. त्यांचं नाव इथं देत नाही, हयात असताना त्यांनी ते कुठं छापू दिलं नाही.

प्रतिसरकार, म्हणजे बेचाळीसच्या चळवळीनंतर तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात आपल्या माणसांनी इंग्रजांना डावलून चालवलेलं सरकार, आम्हाला पाठ होतं. क्रांतिसिंह नाना पाटील, नागनाथअण्णा नायकवडी, जी. डी. बापू लाड, प्रतिसरकारची लढणारी फौज म्हणजे तुफान सेना, 7 जून 1943 ला शेणोलीला लुटलेली रेल्वे, 14 एप्रिल 1944 ला चिमठाण्याजवळ लुटलेला धुळ्याचा सरकारी खजिना, साडेपाच लाखांचा. घरोघरी ऐकलेलंच होतं सगळं. पण एका पोरानं उभं राहून विचारलं, आबा, तुमच्याकडं बंदुका आल्या कुठनं? आणि मग आबा जे बोलायला लागले ते मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी एक पोरगं जागचं हललं नाही.

सप्टेंबर 1942 मध्ये वडूज आणि इस्लामपूरच्या मोर्चांवर गोळीबार झाला, हातात तिरंगा घेतलेली माणसं पडली, आणि नुसत्या मोर्च्यानं भागणार नाही हे तरण्या पोरांना तिथं कळलं. कुऱ्हाडी, फरशा घरात होत्या, काही बंदुका पोलिसांकडनंच हिसकावल्या, पण पिस्तूल-काडतुसं आणायची कुठनं? इंग्रजी मुलखात लायसन्सशिवाय हत्यार बाळगायची बंदी. गोवा मात्र पोर्तुगीजांचा, तिथं इंग्रजाचा कायदा चालत नव्हता, आणि पोर्तुगाल महायुद्धातही नव्हतं. पैसे आणि ओळख असली की तिकडं माल मिळायचा.

आता गोव्याला जायला मिरजेहून लोंढ्यामार्गे रेल्वे होतीच, पण कॅसलरॉकला जकातीची झडती. म्हणून आबा जायचे रेल्वेनं, मोकळ्या हातानं, आणि यायचे पायी. बांद्याकडनं सावंतवाडी संस्थानात शिरायचं, आंबोलीचा घाट रात्री चढायचा, मग आजरा, गडहिंग्लज करत कोल्हापूरकडं. आजच्या पोरांना हे पटकन कळत नाही, पण तेव्हा आपल्या भागात दर चार कोसावर हद्द बदलायची. सांगलीचं संस्थान वेगळं, मिरजेचं वेगळं, कोल्हापूरचं वेगळं, कुंडल तर औंधात, आणि मधेमधे खालसा, म्हणजे थेट इंग्रजांच्या ताब्यातला, मुलूख. एका हद्दीतल्या पोलिसाला दुसऱ्या हद्दीत सरळ हात घालता यायचा नाही. नकाशावरच्या त्या चिंध्यांचा आपल्या माणसांनी किती उपयोग करून घेतला याचं मला अजून नवल वाटतं.

मग आबांनी सरांना शाळेच्या भांडारातलं एक किलोचं लोखंडी माप आणायला सांगितलं. मला पुढं बोलावलं, आपलं उपरणं सोडलं, माप त्यात गुंडाळून माझ्या कमरेला शर्टाच्या आतनं करकचून बांधलं आणि म्हणाले, "जा त्या दारापातुर आन् परत ये. कुणाला कळता कामा न्हाय." मी गेलो. लोखंड पोटाला गार लागत होतं आणि प्रत्येक पावलाला जरासं हलत होतं. दारापर्यंत जायच्या आतच आबा ओरडले, "घावला! हात बघ कुठं गेलाय." माझा डावा हात शर्टावरनं ते माप धरून होता. मला पत्ताच नाही. "पोलीस गठुडं बघत न्हाय पोरा, हात बघतोय," असं ते म्हणाले, आणि सांगितलं की पहिल्या खेपेच्या आधी ते आठ दिवस शेतात कमरेला दगड बांधून नांगर हाकत होते, हात जाऊ नये म्हणून.

वर्गात कुणी हसलं नाही. वीस वर्षाचं पोरगं, मागं आईबाप, आणि पोटाशी ते गार लोखंड घेऊन घाट चढतंय, हे मला त्या एका मिनिटात जितकं कळलं तितकं पुढं कुठल्या पुस्तकानं कळलं नाही.

शेवटी मी विचारलं, वाटेत भाकरी कोण द्यायचं? ते म्हणाले, आजऱ्याच्या अलीकडं एक घर होतं, एक बाई दार उघडायची, कंदील न लावता वाढायची, सामान रात्रभर कणगीत ठेवायची. तिचं नाव काय? "इचारायचं न्हाय असा नियमच व्हता. धरलं, मारलं, तर तोंडातनं जायला नको." तीन खेपा केल्या, तिन्ही वेळा तिच्या हातचं खाल्लं, तोंड कधी नीट दिसलं नाही.

किसन अहिर आणि नानकसिंग 25 फेब्रुवारी 1946 ला मणदूरच्या डोंगरात पोलिसांशी लढताना गेले, त्यांचं नाव आपण घेतो आणि घ्यायलाच पाहिजे. पण त्यांच्यासारख्यांच्या हातापर्यंत हत्यार पोचवणारी ही साखळी, तिची यादी कुठंच नाही, कारण ती ठेवलीच नव्हती.

स्मरणिका कमिटीनं यंदा शाळेच्या हॉलमध्ये आपल्या भागातल्या सैनिकांच्या नावाची पाटी लावायचं ठरवलंय, मलाही नावं मागितली. आबांच्या घरच्यांना भेटून मला चार मिळाली, ती सरांकडं दिलीत. पाचव्या ओळीत फक्त "आजऱ्याच्या अलीकडची बाई" एवढंच लिहा असं मी कळवलंय, आणि त्यावर कमिटीचा होकार अजून यायचाय.