माझं बरोबर आलं का गं?

रविवार, रात्रीचे साडेअकरा

रेकॉर्डर बंद केल्यावर आजी एवढंच म्हणाली. "माझं बरोबर आलं का गं?"

मी "हो गं, छान आलं" म्हणाले आणि चहा ठेवायला उठले. ही गोष्ट काल दुपारची. आज संध्याकाळच्या एसटीने परत आले, डबा धुतला, कपडे भिजवले, प्रश्नावलीची फाइल दोनदा उघडून मिटली. ते वाक्य काही कानातून जात नाही. आजीने मला आजवर शंभर गोष्टी विचारल्या असतील. जेवलीस का, केस का कापलेस, पगार कधी सुरू होणार. पण बरोबर आलं का, असं तिने मला कधीच विचारलं नव्हतं. त्या आवाजात बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं.

सुरुवात माझ्यापासूनच झाली. लघुप्रबंधाचा सिनॉप्सिस दोनदा परत आला होता. पहिल्यांदा मी म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनी या कम्युनिटी रेडिओवर करणार होते, तर गाइड मॅडम म्हणाल्या, एका सेमिस्टरमध्ये आख्खं केंद्र होणार नाही, विषय लहान कर. दुसऱ्यांदा 'ग्रामीण महिला आणि रेडिओ' लिहून नेलं. त्यांनी 'ग्रामीण'खाली रेघ मारली, 'महिला'खाली रेघ मारली आणि कागद परत दिला. आता तिसऱ्यांदा ठरलंय ते असं: साठीच्या पुढच्या बायका, एकच तालुका, तरुणपणी घरातला रेडिओ त्यांनी कसा ऐकला. बारा मुलाखती. आधी एक पायलट, म्हणजे प्रश्न तपासून बघायची मुलाखत. बाकीच्यांचं डेटा कलेक्शन अर्ध्यावर आलंय आणि मी अजून पायलटवरच आहे. गुरुवारी रात्री हॉस्टेलच्या जिन्यात बसून मी खरंच रडले होते. बाबांचा फोनही उचलला नाही. त्या विषयावर आज नको.

पायलट आजीचीच घ्यायची ठरली. घरचं माणूस, अडचण काय येणार?

ती इरकल नेसून बसली होती. मी पुण्याहून 'अभ्यासाचं काहीतरी विचारायला' येणार म्हणून सकाळीच न्हाली होती. एरवी कॉटवर पाय वर घेऊन बसणारी आजी पाय खाली सोडून, पाठ ताठ करून बसली. मी संमतीपत्र वाचून दाखवलं. 'आपले नाव गुप्त ठेवण्यात येईल' या ओळीवर ती म्हणाली, "गुप्त कशापायी? म्या काय चोरी केलीया?" मी सांगितलं की नियमच असतो. तिने दोन्ही ओळी भरून, एकेक अक्षर दाबत सही केली. मग मी मोबाईल मधल्या स्टुलावर ठेवला, लाल ठिपका लागला, आणि माझी आजी गेली. तिच्या जागी कुणी दुसरीच बाई बसली होती. "रेडिओमुळे माहिती मिळते. रेडिओमुळे करमणूक होते." मिळते, होते! आमच्या घरात असं कुणी बोलत नाही. चौथी शिकलेली माझी आजी निबंध म्हणून दाखवत होती. दर उत्तरानंतर माझ्या तोंडाकडे बघत होती. मी मान हलवली की पुढे बोलायची.

प्रश्न सातवा. 'आपण रेडिओ ऐकत होता का? (उत्तर "नाही" असल्यास मुलाखत थांबवावी.)'

"न्हाई," आजी म्हणाली. "रेडू बाप्यांचा व्हता."

सूचना मीच लिहिली होती. तरी बाकीचे प्रश्न रेटून विचारले, कारण एवढ्या लांब गेले होते. बावीस मिनिटांत संपलं. मग ते वाक्य. मग चहा.

चहानंतर आम्ही दोघी मागच्या दारी भुईमुगाच्या शेंगा फोडायला बसलो. इरकल घडी घालून ठेवलं होतं, अंगावर रोजचं पातळ. शेंग अंगठ्याने दाबायची, टरफल डाव्या हाताला, दाणे सुपात. तिचा वेग माझ्या तिप्पट. मी सहज म्हणाले, आपल्याकडे रेडिओ कुठे असायचा गं? म्हणाली, सोप्यातल्या देवळीत, पोस्टात पैसे भरून लायसन काढलेला, वर क्रोशाचं झाकण. झाकण तिनंच विणलेलं. सेल उतरले की उन्हात ठेवायचे, तेवढेच आणखी दोन दिवस चालायचे. सेल उन्हात मांडायचं कामही तिचंच. आणि मग, शेंगांवरची नजर न काढता म्हणाली, "बातम्या लागल्या की माझं भाकरी थापायचं बंद. थपथप आवाज व्हतो न्हवं. मामंजी सोप्यातनं वरडायचं, ए जरा थांब गं! मग म्या पिठाचं हात तसंच धरून बसायची. तवा नुसता तापत ऱ्हायचा."

मी विचारलं, मग तू ऐकायचीस?

"कानात पडायचं ते पडायचं. बाजारभाव आईकायची. तुझा आजा ऐकता ऐकता डुलक्या घ्यायचा, आन् रातच्याला मला इचारायचा, आज गुळाला काय भाव सांगितला गं? म्या सांगायची. अडत्याकडं जायच्या आदी मलाच इचारून जायचा."

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. मोबाईल आत स्टुलावर होता.

माझ्या प्रश्नावलीप्रमाणे ही बाई रेडिओ न ऐकणारी. सातव्या प्रश्नावर बाद. कुणी परकी असती तर मी आभार मानून उठले असते, 'नाही'च्या चौकटीत खूण केली असती आणि पुढच्या घरी गेले असते. ती खूण तक्त्यात गेली असती, तक्ता लघुप्रबंधात. पिठाचे हात धरून बसलेली बाई कुणालाच दिसली नसती. हे नुसतं लिहितानाही पोटात कसंतरी होतंय. आणि त्याहून वाईट म्हणजे तिला वाटलं, चुकलं तर तिचं चुकलं.

बीएच्या पहिल्या तासाला लासवेल या अमेरिकी अभ्यासकाचं संवादाबद्दलचं १९४८चं सूत्र शिकवलं होतं: कोण, काय, कोणत्या माध्यमातून, कोणाला, कोणत्या परिणामासह. मी ते पाठ करून मार्कही मिळवले. सोप्यातला रेडिओ 'कोणाला' बोलत होता? मामंजींना. आणि भाव लक्षात कुणाच्या राहायचा?

एसटीत १९५६च्या पुण्याच्या रेडिओ-प्रयोगाची टिपणं परत काढली. मॅडमनी पार्श्वभूमी म्हणून वाचायला सांगितलं होतं आणि मी ते आजवर एका परिच्छेदात उरकायच्या बेतात होते. पुण्याचं आकाशवाणी केंद्र सुरू होऊन तेव्हा जेमतेम अडीच वर्षं झाली होती. युनेस्कोची मदत होती. कॅनडातल्या शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांचा नमुना पुढे ठेवून पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास गावांत श्रोतृमंडळं काढली. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या अर्ध्या तासाचे, एकूण वीस कार्यक्रम. गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकायचं, लगेच त्यावर बोलायचं. बोलण्याचा अहवाल आणि पडलेले प्रश्न पुण्याला जायचे आणि उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत यायची. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने मूल्यमापन केलं, समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांच्या देखरेखीखाली. रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावं आणि रेडिओच नाही अशी गावंही तुलनेला घेतली. मंडळांच्या गावांत लोकांची माहिती भरपूर वाढलेली दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारशी नाही.

म्हणजे ऐकून झाल्यावर कुणीतरी कुणाशी तरी बोलायला लागतं. हे मी याआधी तीनदा वाचलं असेल. काल मागच्या दारी कळलं. रातच्याला, दिवा बारीक केल्यावर, 'आज काय भाव सांगितला गं' हे आमच्या घरातलं श्रोतृमंडळच होतं की. दोघांचं. त्याचा अहवाल कुठेही गेला नाही. न्यूराथांच्या माणसांनी प्रश्न विचारले तेव्हाही कुणीतरी दाराआड उभं असेल, असं मला सारखं वाटत राहिलं, वाठार ते शिरवळ.

हे सगळं वापरता येईल का, हा पुढचा प्रश्न. सही दिली ती स्टुलावरच्या बावीस मिनिटांसाठी. शेंगा फोडतानाचं बोलणं तिने नातीशी केलं होतं. मॅडमना मेसेज टाकला, त्यांचं एका ओळीत उत्तर आलं: 'तिला विचार, आणि सातवा प्रश्न काढून टाक.' रागावतील असं वाटलं होतं. मला थोडं हलकं वाटलं.

काढला. त्या जागी आत्ता लिहिलंय: 'घरात रेडिओ कुठे असायचा? तो लागला की तुम्ही कुठे असायचात, हातात काय काम असायचं?' बत्तीस प्रश्नांचे नऊ झालेत. इरकल नेसून कॉटवर बसवणंही नको. निवडण-टिपण चालू असताना, ओट्यावर, शेतात, जिथे त्या असतील तिथे. रेकॉर्डिंगमध्ये भांड्यांचा आवाज येईल, ट्रान्स्क्रिप्ट करताना जीव जाईल. जाऊ दे. उशीर झालाच आहे, आणखी पंधरा दिवस होईल. आज त्याचं रडू येत नाहीये, हे मात्र खरं.

नऊ वाजता आजीला फोन केला. म्हटलं, भाकरीचं आणि गुळाच्या भावाचं लिहू का गं माझ्या अभ्यासात?

बराच वेळ काही बोलली नाही. मागे टीव्ही चालू होता, तो तिने बंद करायला लावला.

"त्यात काय हाय लिवण्याजोगं?"

म्हटलं, आहे.

"मग लिव. पर नाव घाल माझं. त्या आकाशवाणीवर चिठ्ठ्यांत समद्यांची नावं यायची, दिराची आली, पोरांची आली. माझं कुणी घातलं न्हाई."

नियम तिला परत सांगवेना. मॅडमना उद्या विचारेन, तिची स्वतःची इच्छा असेल तर काही करता येतं का. फोनवर तिने पूर्ण नाव सांगितलं, हळूहळू, मी लिहून घेतेय असं धरून. माहेरच्या आडनावासकट. मी खरंच लिहून घेतलं. सिनॉप्सिसच्या मागे, पेन्सिलीने.