तुम्ही विचारलंत म्हणून: तंबोरा कुणी आणला

मिरजेत आमचं एक लहानसं संगीत मंडळ आहे. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी बैठक, वर्षातून एकदा दोन दिवसांचा उत्सव, नोंदणी, ऑडिट, सगळं रीतसर. १९९८ पासून मी त्याची चिटणीस आहे आणि तेव्हापासून मला एकच प्रश्न दोन बाजूंनी विचारला जातो. बाहेरून येणारे विचारतात, ‘तुम्ही संगीतातून हिंदू-मुसलमान जोडलेत, ते कसं जमवलंत?’ गावातले विचारतात, ‘मग २००९ च्या दंगलीत तुमचं मंडळ कुठं होतं?’ पहिल्यांना मी आजवर चहा पाजून वेळ मारून नेली, दुसऱ्यांच्या अंगावर धावून गेले. आता दोघांना एकदाच सांगते.

आम्ही कुणाला जोडलं नाही. ख्वाजा मीरासाहेबांच्या उरुसात मानाचा पहिला गलेफ, म्हणजे कबरीवर चढवायची चादर, चर्मकार समाजाचा असतो, हा मान आम्ही दिलेला नाही. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर दर्ग्यात आहे आणि उरुसाला चिंचेच्या झाडाखाली गवई येऊन हजेरी लावतात. तेही आमचं कर्तृत्व नव्हे. फरीदसाहेब हत्यारांना धार लावणारे शिकलगार, त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सतारी-तंबोरे करायला घेतले आणि पुढं गल्लीच्या गल्ली सतारमेकरांची झाली. हे सगळं आयतं होतं. त्याच्या सावलीत आम्ही सतरंज्या अंथरल्या.

पण सतरंज्या अंथरणं म्हणजे काहीच नाही, असंही मला म्हणू देऊ नका. गाणं ऐकून कुणी कुणाचा भाऊ होत नाही, हे मी इतक्या वर्षांत पाहिलंय. गाण्याच्या आधीचे चार तास माणसं ओळखीची करतात. स्टेशनवर पाहुण्याला आणायला कोण जाणार, हुबळीकडची गाडी उशिरा आली तर जेवण कोण झाकून ठेवणार, तबल्याची गादी कुणाकडे राहिली. रेल्वेतले कानडी बोलणारे एक जण, मेडिकलवाले, इस्पितळातल्या दोन सिस्टर, सतारमेकर गल्लीतले चाचा, ही माणसं एरवी एका खोलीत कशाला आली असती? माझ्या सासऱ्यांना रात्री अडीच वाजता रक्त लागलं, तेव्हा मी नातेवाइकांना फोन केले नाहीत. बैठकीची वही काढली आणि पहिल्या पानापासून नंबर लावत गेले. पहाटेपर्यंत चार जण दारात होते.

त्याच वहीत चाचांचाही नंबर होता. सप्टेंबर २००९ मध्ये तो मी लावला नाही.

गणेशोत्सवातल्या कमानीवरच्या अफझलखान वधाच्या चित्रावरून काय झालं, ते तुम्हाला माहीत आहे, मी पुन्हा उगाळत नाही. आमचे दोन्ही तंबोरे ऑगस्टमध्येच जवारीसाठी, म्हणजे तारांखालची घोडी घासून आवाज खुलवायला, चाचांकडे दिले होते, कारण उत्सव ऑक्टोबरात होता. मग दगडफेक, संचारबंदी. आमच्या घरापासून त्यांचं दुकान चालत पंधरा मिनिटांवर. संचारबंदी उठली, दूध यायला लागलं, शाळा भरल्या, तरी मी गेले नाही. फोन तर घरातच होता. आज करू, उद्या करू, असं चाललं होतं. घरात लहान मुलं होती, रोज नवी अफवा येत होती, घरचे म्हणत होते की इतक्यात तिकडं नको. ही कारणं खोटी नव्हती. पण लहान मुलं चाचांच्याही घरात होती.

एका दुपारी बेल वाजली. दारात चाचा. रिक्षावाला आमच्या गल्लीत यायला तयार झाला नव्हता, म्हणून कोपऱ्यापासून ते चालत आले होते. एक तंबोरा जुन्या गोधडीत गुंडाळलेला, भोपळा पोटाशी धरलेला, लेकराला धरावं तसा. दुसरा त्यांच्या नातवाच्या हातात. नातू दहा-अकरा वर्षांचा असेल, दांडी त्याच्या डोक्याच्या वर जात होती. चाचांचा सदरा पाठीला चिकटला होता.

‘वहिनी, उत्सव जवळ आला. म्हटलं, आणून द्यावेत.’

अकरा वर्षं हा माणूस आमच्या घरी येत होता. सरळ आत यायचा, खिडकीजवळच्या खाटेवर बसायचा. त्या दिवशी मी चौकटीला हात लावून उभी राहिले. हात काढला नाही. समोरच्या घराची खिडकी उघडी आहे, हे मला दिसत होतं आणि मला ते दिसतंय, हे चाचांनाही दिसत होतं.

ते पायरीवर बसले. ‘आणताना उतरला असेल, बघतो,’ म्हणाले. गोधडी सोडली, खुंट्या पिळल्या, मणी सरकवले, घोडीवर तारेखालचा दोरा केसभर मागं-पुढं केला. पंचम, मग जोडाच्या दोन तारा, मग खर्ज. डोळे मिटून, मान कलती करून. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. चारी तारा एकदम उघडल्या आणि आमच्या रिकाम्या गल्लीत तो तंबोरा बोलायला लागला. दुसराही त्यांनी तसाच लावला. वीस मिनिटं तरी गेली असतील. मी उभीच होते.

मी पाणीसुद्धा विचारलं नाही. रमजान होता, त्यांचा रोजा असणार, विचारून काय उपयोग, असं मी नंतर स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं. पण नातवाला विचारता आलं असतं. आणि ‘आत या’ म्हणायला रोजा कुठं आड येतो?

‘उत्सव आहे ना?’ उठताना त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘बघू.’ ते दोघं कोपऱ्यावर पोचायच्या आत मी दार लावलं.

उत्सव झाला नाही. नोव्हेंबरच्या बैठकीला १९ माणसं आली, त्यांत चाचा होते. नेहमीसारखे मागं, भिंतीला टेकून. मध्यंतरात उठून तंबोरे बघून गेले. मला ‘बरं आहे ना वहिनी?’ म्हणाले. त्यांनी मला माफ केलं होतं, की इतक्या वर्षांच्या सवयीनं ते आले होते, मला कळलं नाही. २०१५ साली ते गेले. मी त्या दुपारचा विषय कधी काढला नाही.

दंगलीच्या तीन वर्षं आधी आमच्या स्मरणिकेत मी लेख लिहिला होता. सुरांना जात नसते, धर्म नसतो, असं त्यात ठामपणे म्हटलं होतं. परवा तो काढून वाचला. लिहिणारी बाई प्रामाणिक होती, एवढं मी तिच्या बाजूनं म्हणेन. पण सुरांना धर्म नसला तरी तंबोरा करणाऱ्याला घर असतं, गल्ली असते, आडनाव असतं. मंगळवेढ्याकडून भोपळे आणून, ते वाळवून, कापून, महिना-महिना घासणाऱ्या माणसाबद्दल त्या लेखात एक ओळ नाही. तेव्हा आमच्या कार्यकारिणीवर नऊ जण होतो आणि सतारमेकर एकही नव्हता. पुढं २०१० मध्ये आम्ही चाचांना या म्हणून विचारलं. ‘मीटिंगा तुम्ही घ्या, मी तारा बघतो,’ म्हणाले. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं, हेही सांगून टाकते.

आणखी एक आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आम्ही गल्लीतल्या कारागिरांचा सत्कार ठरवला. माहिती जमवताना मी जुन्या जमाखर्चाच्या वह्या काढल्या. हार, नारळ, चहा, मांडव, पाहुण्यांचं भाडं, सगळं रुपया-पैशासकट लिहिलेलं. जवारीचा खर्च १९९८ ते २०१५ एकदाही नाही. चाचांनी कधी मागितला नाही, आम्ही कधी दिला नाही. बैठकीत हे मांडलं तेव्हा एक जुने सभासद दुखावून म्हणाले, ‘ते प्रेमानं करायचे, त्याचे पैसे काय काढता?’ मला त्यांचं पूर्ण चूक वाटत नाही. चाचा खरंच प्रेमानं करायचे. पण प्रेम नेहमी गल्लीच्या त्याच टोकाकडून का यायचं, याचं उत्तर त्या सभासदांकडे नव्हतं आणि माझ्याकडेही नाही.

नातू आता दुकान बघतो. मागच्या महिन्यात तंबोरे घेऊन मीच गेले. त्याला ती दुपार आठवत असेल का, हे मी त्याच्या चेहऱ्यावर शोधत होते. त्यानं घोडी घासली, दोरे बदलले, बिल किती लिहू म्हणून विचारलं. मी म्हटलं, होईल तेवढं लिही. तो थोडा थांबला, मग पूर्ण रक्कम लिहून पावती फाडून दिली. एक तंबोरा त्यानं रिक्षात माझ्या शेजारी उभा करून दिला, दुसरा मी मांडीवर घेतला.