गॉथममधले लोक कुठे गेले?

जुलै २०१२ मध्ये 'द डार्क नाइट रायझेस' सोलापुरात लागला, तेव्हा आम्ही पाच मित्र पहिल्याच रविवारी दुपारच्या खेळाला हिंदी आवृत्ती पाहायला गेलो होतो. त्या खेळाचे मध्यंतर मला अजून लख्ख आठवते. खलनायक बेनने बॅटमॅनला, म्हणजे गॉथम शहराच्या मुखवटाधारी रक्षकाला, डोक्यावर उचलले, गुडघ्यावर आपटून त्याचा कणा मोडला, फुटलेला मुखवटा हातात धरून पाहिला आणि खाली टाकला. त्यानंतर थोड्याच वेळात दिवे लागले आणि चहा-भज्यांच्या गर्दीत उभे राहून लोक तावातावाने बोलू लागले. १६४ मिनिटांचा हा चित्रपट त्याच्या दिग्दर्शकाने, ख्रिस्तोफर नोलनने, सलग पाहण्यासाठी बांधलेला आहे. आम्हाला मात्र कणा मोडलेल्या नायकाबरोबर पंधरा मिनिटे काढावी लागली आणि उत्तरार्ध सुरू होण्याआधीच आमच्यात दोन तट पडले. नायकाला असे पूर्ण हरलेले दाखवायला हिंमत लागते, असे दोघांचे मत होते. आधीच्या भागातल्या जोकरसारख्या माणसाला पुरून उरलेला बॅटमॅन चार गुद्द्यांत आडवा होतो हे पटण्यासारखेच नाही, असे उरलेले दोघे म्हणत होते. पाचवा मी. मी तेव्हा काहीच ठरवले नव्हते, आणि पुढची बारा-तेरा वर्षे या चित्रपटाबद्दल जे काही वाद ऐकले ते त्या मध्यंतरातल्या वादाचेच विस्तार वाटत आले.

या चित्रपटावरचे वाद पडदा उजळण्याआधीच सुरू झाले होते. प्रदर्शनाच्या काही दिवस आधी ज्या समीक्षकांनी प्रतिकूल लिहिले, त्यांना धमक्या देण्यापर्यंत काही चाहत्यांची मजल गेली, आणि 'रॉटन टोमॅटोज' या संकेतस्थळाला या चित्रपटाच्या परीक्षणांखालचे वाचकांचे अभिप्राय बंद करावे लागले. धमक्या देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तोवर चित्रपट पाहिलेलाही नव्हता. पुढे २० जुलैला, प्रदर्शनाच्या पहिल्याच मध्यरात्रीच्या खेळात, अमेरिकेतील अरोरा शहरात एका बंदूकधाऱ्याने चित्रपटगृहात १२ जणांचा जीव घेतला. आम्ही रविवारी रांगेत उभे होतो तेव्हा ती बातमी सगळ्यांनी वाचलेली होती. पडद्यावर बंदुका घेतलेली माणसे शेअर बाजारात घुसली, तेव्हा माझ्या शेजारच्या मित्राने सहज मान वळवून मागच्या दाराकडे पाहिले होते. अशा मनःस्थितीत पाहिलेल्या चित्रपटाविषयीचे पहिले मत फार टिकाऊ समजू नये, असे मला वाटते.

मतभेदाचे एक मोठे कारण मला बऱ्याच उशिरा उमगले. आम्ही सगळे २००८ च्या 'द डार्क नाइट'मधून या तिसऱ्या भागाकडे आलो होतो. हीथ लेजरचा जोकर आमच्या डोक्यात होता, आणि जानेवारी २००८ मध्येच तो गेल्यामुळे तो परत दिसणार नाही हे माहीत असूनही प्रत्येक जण त्याचीच वाट पाहत होता. तिसऱ्या भागात जोकरचा साधा उल्लेखसुद्धा नाही. हा चित्रपट दुसऱ्या भागाचे ओझे घेऊन निघतो खरा, पण त्याचे खरे नाते २००५ च्या 'बॅटमॅन बिगिन्स'शी आहे. लहानपणी विहिरीत पडलेला ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्यामागचा बॅटमॅन, आणि तुरुंगाच्या खोल विवरातून वर चढणारा ब्रूस, खलनायक रास अल गूल आणि त्याचा वारसा पुढे चालवणारे, ही सगळी सूत्रे पहिल्या भागातली आहेत. आमच्यापैकी चौघांनी तो भाग पाहिलाच नव्हता.

याचे एकच उदाहरण देतो. शेवटी शहर वाचवण्यासाठी बाँब दूर घेऊन उडण्याआधी पोलीस कमिशनर गॉर्डन बॅटमॅनला विचारतो की, तू कोण आहेस हे निदान कळू तरी दे. बॅटमॅन त्याला नाव सांगत नाही. नायक कोणीही असू शकतो, एखाद्या लहान मुलाच्या खांद्यावर कोट घालून जग अजून संपलेले नाही असा धीर देणारा माणूसही नायकच, एवढेच तो सांगतो. गॉर्डनच्या चेहऱ्यावर ओळख उमटते, आणि क्षणभर पहिल्या भागातले पोलीस चौकीतले दृश्य झळकते: आईवडिलांचा खून नुकताच पाहिलेला मुलगा आणि त्याच्या अंगावर कोट पांघरणारा तरुण शिपाई. माझ्या मते तिन्ही चित्रपटांतला हा सर्वांत सुंदर क्षण आहे. त्या दुपारी आमच्या ओळीत मात्र तो कोणाला लागला नाही, कारण तो कोट कुठून आला हेच आम्हाला ठाऊक नव्हते. 'शेवट भावनाशून्य आहे' असे बाहेर पडताना म्हणणाऱ्यांत मीही होतो, आणि ते मत मी पुढे पहिला भाग पाहिल्यावर पूर्णपणे मागे घेतले.

बेनच्या आवाजाबद्दल जगभर जी तक्रार झाली ती सोलापुरात फारशी झाली नाही, कारण हिंदी आवृत्तीतला बेन स्वच्छ बोलत होता. टॉम हार्डीचा मुखवट्याआडून येणारा, सभ्य आणि विचित्र चढउतारांचा मूळ आवाज मी नंतर ऐकला. शब्द निसटतात हे खरे, पण त्या आवाजाशिवाय बेन निम्माच उरतो. पूर्व भागात राहणारा, घरी तेलुगू बोलणारा आमचा एक मित्र पुढच्याच आठवड्यात हैदराबादला चुलतभावांकडे जाऊन तिथल्या आयमॅक्स पडद्यावर इंग्रजी आवृत्ती पाहून आला. या चित्रपटाचा तासाभराहून अधिक भाग आयमॅक्स कॅमेऱ्यांनी चित्रित केलेला आहे, आणि सुरुवातीचे हवेत लटकणारे विमान तेवढ्या मोठ्या पडद्यावर कसे दिसते हे सांगताना त्याचे दोन्ही हात पसरलेलेच राहिले होते. आम्ही एकच चित्रपट पाहिला होता असे त्यानंतर मला ठामपणे म्हणता येईना.

तर्काच्या चुकांची यादी सगळ्यांनाच पाठ आहे. शेअर बाजारावरचा हल्ला भर दिवसा होतो आणि पाठलाग काही मिनिटांत रात्रीत शिरतो. जोधपूरजवळ चित्रित झालेल्या त्या तुरुंगातून बाहेर आलेला कफल्लक ब्रूस बेनने नाकेबंदी केलेल्या गॉथममध्ये कसा पोहोचतो, हे कोणी सांगत नाही. या चुका आहेत आणि त्या मान्य करून पुढे जावे, कारण दुसऱ्या भागातही अशा जागा पुष्कळ आहेत आणि तिथे त्या कोणाला खुपल्या नाहीत. मन दुसऱ्याच गोष्टीवर नाराज असले की माणूस घड्याळ तपासू लागतो.

आमच्यातली खरी नाराजी शेवटाबद्दल होती. बाँब समुद्रावर फुटतो, थडग्यापाशी ब्रूसचा जुना सेवक आल्फ्रेड रडतो, बॅटमॅनचा पुतळा उभा राहतो, आणि मग फ्लॉरेन्समधल्या कॅफेत आल्फ्रेड मान वर करतो तर समोरच्या टेबलावर त्याची साथीदार सेलिना हिच्याबरोबर ब्रूस बसलेला असतो. हैदराबादला जाऊन आलेला तो मित्र चित्रपटगृहाच्या पायऱ्यांवर जे म्हणाला होता, त्यावर तो आजही कायम आहे: "मेला असता तर बरं झालं असतं की बे."

त्याच्या म्हणण्यातले वजन सोलापूरकराला समजावून सांगावे लागत नाही. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी झाली. आमच्या चौकाला, नाट्यगृहाला आणि पुण्याला जाणाऱ्या गाडीलासुद्धा हुतात्म्यांचे नाव आहे. पुतळा उभा राहायचा तर माणूस खरोखर गेलेला असला पाहिजे, असे तो म्हणतो. शिवाय त्याचा दुसरा मुद्दा अधिक धारदार आहे. सरकारी वकील हार्वी डेंटचे गुन्हे झाकून त्याला खोटा नायक बनवून गॉथमने आठ वर्षे शांतता मिळवली आणि त्या खोटेपणाचीच शिक्षा तिसऱ्या भागात भोगली, मग शेवटी पुन्हा जिवंत माणसाचा पुतळा उभारून नोलनने तीच चूक कशी केली?

मी त्याला दरवेळी एकच उत्तर देत आलो आहे. डेंटच्या गौरवामागे गुन्हे लपवलेले होते, तर बॅटमॅनने शहर खरोखरच वाचवले होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ब्रूस वेन तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला मरायलाच टेकलेला आहे. काठी टेकत तो वाड्यात फिरतो, आल्फ्रेडचे ऐकत नाही, आणि मृत्यूची भीती नसणे हीच आपली ताकद आहे असे मानतो. विवरातला आंधळा कैदी त्याला नेमके उलट शिकवतो. मरणाची भीती नसलेला माणूस ती उडी मारू शकणार नाही, म्हणून दोर सोडून चढ, असे तो सांगतो. ब्रूस दोर सोडून उडी मारतो तो जगायचे आहे म्हणून. असा माणूस तासाभराने समुद्रावर जाऊन मेला असता, तर ती उडी वाया गेली असती. आल्फ्रेडनेही आधीच सांगून ठेवले आहे की, दरवर्षी त्या कॅफेत बसून तू कुठेतरी सुखात दिसावास एवढीच माझी इच्छा असे, आपण एकमेकांशी बोललोही नसतो. मायकेल केनने ते बोलणे ज्या तुटलेल्या आवाजात म्हटले आहे, ते ऐकल्यावर त्या म्हाताऱ्याला रिकामे टेबल दाखवणे मला क्रूरपणाचे वाटले असते. ब्रूस न दाखवता केवळ आल्फ्रेडच्या हसऱ्या चेहऱ्यावर थांबायला हवे होते, असेही अनेक जाणकार म्हणतात. मला ते मान्य नाही.

म्हणजे शेवटाच्या बाबतीत मी या चित्रपटाच्या बाजूने आहे, आणि हे स्पष्ट सांगितल्यावर त्याच्याविरुद्धची माझी खरी तक्रार मांडतो. ती या सगळ्या वादांत मला क्वचितच ऐकू आली.

ती मला त्याच मित्राच्या वडिलांनी दाखवून दिली. ते सोलापुरातल्या एका कापड गिरणीत साचेखात्यात होते. गिरणी बंद पडल्यावर थकबाकीची वाट पाहत त्यांनी यंत्रमागावर काम केले आणि त्यांच्या पत्नीने विड्या वळून घर चालवले. काही वर्षांनी हा चित्रपट टीव्हीवर लागला तेव्हा आम्ही तिघे त्यांच्या बाहेरच्या खोलीत बसून पाहत होतो. शेअर बाजारात एक दलाल म्हणतो की इथे चोरण्यासारखा पैसा नाही, आणि बेन विचारतो की मग तुम्ही लोक इथे कशासाठी आहात. २०१२ मध्ये या जागी चित्रपटगृहात शिट्ट्या पडल्या होत्या. काका पुढे सरकून बसले. बेनने ब्लॅकगेट तुरुंगासमोर उभे राहून हे शहर आता तुमचे आहे, असे लोकांना सांगितले तेव्हाही ते एकाग्रतेने पाहत होते. नंतर श्रीमंतांची घरे लुटली गेली, न्यायाधीश बनलेल्या डॉ. क्रेन या गुन्हेगारासमोर खटले चालले, गोठलेल्या नदीवर माणसांना ढकलले गेले. बराच वेळ गेल्यावर त्यांनी मला विचारले, "पण लोकं कुठंयत रे यात?"

मला उत्तर देता आले नाही. पाच महिने ते शहर बेनच्या ताब्यात आहे, आणि त्या पाच महिन्यांत एकही सामान्य माणूस पडद्यावर धड दोन वाक्ये बोलत नाही. कैदी आहेत, भाडोत्री सैनिक आहेत, जमिनीखाली अडकलेले हजारो पोलीस आहेत आणि त्यांना सोडवू पाहणारे मूठभर अधिकारी आहेत. शाळेतली शिक्षिका, दवाखान्यातली परिचारिका, बेकरीवाला, चाळीतले भाडेकरू यांपैकी कोणीही नाही. दुसऱ्या भागात हेच लोक होते. दोन बोटींवर बसून, समोरच्या बोटीतला बाँब फोडणारे बटण दाबायचे की नाही हे त्यांनी मतदान घेऊन, भांडून, शेवटी न दाबून ठरवले होते, आणि तिथेच जोकर हरला होता. तिसऱ्या भागात नोलनने पोलीस नसलेले शहर म्हणजे फक्त लूट असे गृहीत धरले. फ्रेंच राज्यक्रांतीवरच्या डिकन्सच्या कादंबरीचा आधार त्याने उघडपणे घेतला आहे आणि थडग्यापाशी गॉर्डन त्याच कादंबरीतल्या ओळी वाचतो, पण त्या कादंबरीत पॅरिसच्या रस्त्यावरची भुकेली माणसे भेटतात.

सोलापूरला हा प्रश्न वेगळ्या रीतीने माहीत आहे. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर इथे गिरणी कामगार रस्त्यावर आले, गोळीबार झाला, माणसे मारली गेली, जाळपोळही झाली आणि काही दिवस ब्रिटिशांचा अंमल शहरातून अक्षरशः उठला. त्या दिवसांत काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी शहराची व्यवस्था सांभाळली. मग १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला आणि चौघांच्या फाशीपर्यंतचा पुढचा सगळा इतिहास घडला. तेव्हा हिंसाही झाली आणि शिस्तही दिसली, दोन्ही एकाच शहरातल्या माणसांकडून. पोलीस निघून गेल्यावर शहरात काय होते याचे जे एक उत्तर आमच्या आजोबा-पणजोबांनी दिले, त्याची शक्यतासुद्धा या चित्रपटाने विचारात घेतली नाही याचे मला मनापासून वाईट वाटते. बेनची भाषा गिरणी गमावलेल्या माणसाला खेचून घेते, आणि ती भाषा खोटी ठरवताना चित्रपट त्या माणसालाच पडद्याबाहेर ठेवतो.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत नववीतला भाचा आमच्याकडे राहायला आला होता. मी त्याला तिन्ही भाग क्रमाने तीन रात्रींत दाखवले. कोटाचे दृश्य आले तेव्हा मी काही सांगण्याआधीच तो "गॉर्डन!" असे ओरडला. शेवटही त्याला आवडला. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या भागात चार दिवसांनी पाणी आले होते आणि तो माझ्याबरोबर पिंप भरत होता. हातातली नळी धरून त्याने विचारले, "मामा, ते पाच महिने सगळे पूल तोडले होते, तर त्या लोकांना पाणी कुठून यायचं? आणि सोडायचं कोण?"

रात्री मी तो भाग पुन्हा लावून पाहिला. उरलेल्या एका पुलावरून मदतीचे ट्रक शहरात येतात, असे ओझरते दृश्य आहे. पाण्याचा उल्लेख मला कुठेच सापडला नाही.