बंद केल्यानंतरची अर्धी फेरी

आमच्या नानांची, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची, फार्गो ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात डॉज आणि फार्गो अशा दोन नावांनी जवळजवळ एकसारखेच ट्रक बनत असत. त्यांपैकी ही 1950च्या दशकातली, पेट्रोलवर चालणारी. औद्योगिक विकास महामंडळ 1962 साली स्थापन झाले आणि वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत. तेव्हा आपली गाडी या वसाहतीपेक्षा वयाने मोठी आहे, ही गोष्ट नाना शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला आवर्जून सांगतात.

इंजिन, ब्रेक, गिअर या सगळ्यांची डागडुजी नानांनी स्वतः खुर्ची टाकून बसून करून घेतली होती. वायपर तेवढा राहिला होता, आणि मृग तोंडावर आल्यामुळे ते काम माझ्याकडे आले. मी वीजखात्यात नोकरी केली असल्याने पाच तारा जोडणे मला अवघड जाणार नाही, असा घरात सर्वांचा समज होता. माझाही होता.

मूळचा वायपर विजेवर चालणारा नव्हताच. पेट्रोलचे इंजिन हवा आत ओढते तेव्हा कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्यामधल्या नळकांड्यात हवेचा दाब कमी होतो, आणि त्या ओढीवर एका रबरी नळीच्या साहाय्याने वायपरचे पाते इकडून तिकडे हलवायचे, अशी ती रचना. विजेचा खर्च नाही, मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बनचे ब्रश झिजण्याची भीती नाही. पण अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की हवेचा मार्ग सताड उघडतो, ती ओढ नाहीशी होते आणि पाते काचेच्या मध्यावर गळून पडते. म्हणजे वायपरची गरज जिथे सर्वांत जास्त, नेमका तिथेच तो झोपणार. ठाण्याहून माल भरून नाशिककडे जाताना कसाऱ्याच्या घाटात काय होत असेल, हे मी नानांना विचारले, तेव्हा त्यांनी उजव्या पावलाने शेडच्या फरशीवर करूनच दाखवले. चढ लागला, समोरचे दिसेनासे झाले, की क्षणभर पाय उचलायचा, पात्याला एक फेरी मारू द्यायची आणि गाडी मागे ओढायला लागण्याच्या आत पुन्हा दाबायचे. काचेवर तंबाखू किंवा कापलेला बटाटा चोळायचा तो वेगळाच. "घाट पायानं पुसायचा रे," ते म्हणाले.

ती रबरी नळी आता ठिकठिकाणी तडकली होती, म्हणून मी कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून एका टेम्पोची 12 व्होल्टची मोटर आणि दोन वेगांचा स्विच घेऊन आलो. गाडी मूळची 6 व्होल्टची, पण मागे केव्हातरी कुणीतरी ती 12 व्होल्टची करून ठेवली होती. असे बदल झालेल्या गाडीत बॅटरीचे कोणते टोक चासीला जोडले आहे, हे आधी पाहून घ्यावे लागते. त्या काळच्या कित्येक अमेरिकी आणि ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह टोक चासीला असे, आणि आत कायमचे चुंबक असलेली मोटर उलट जोडली तर उलटी फिरते. आमच्याकडे निगेटिव्हच निघाले. जुन्या तारांवरचे कापडी वेष्टण मात्र बोट लावताच पापडासारखे चुरा होऊन गळत होते, तेव्हा वायपरपुरती नवी तार फ्यूजपासूनच ओढली.

मोटरला पाच तारा होत्या. एक बॅटरीची, एक अर्थची, एक हळू फिरण्याची, एक जोरात फिरण्याची. जोराच्या तारेला वेगळा कार्बन ब्रश असतो आणि तो नेहमीच्या जागेपासून थोडा सरकवून बसवलेला असतो, एवढ्या सरकण्यानेच वेग वाढतो. या चार तारांचे कोडे कुणालाही सुटते. पाचवीने मला दोन दिवस झुलवले.

मी आधी ती मोकळी सोडली. वायपर छान चालला. स्विच बंद केला आणि पाते जिथे होते तिथे, काचेच्या ऐन मध्यावर, नानांच्या नाकासमोर उभे राहिले. वीज तोडली की यंत्र थांबते, हे मी नोकरीत आयुष्यभर गृहीत धरत आलो होतो, आणि वायपरच्या बाबतीत नेमके तेच चुकीचे होते. चालकाने बंद केल्यावरही पात्याने आपली फेरी पुरी करून काचेच्या कडेला जाऊन पडावे, अशी अपेक्षा असते, आणि तेवढ्यासाठी मोटरच्या गिअरवर एक तांब्याची चकती बसवलेली असते. पाते वाटेत असेपर्यंत ही चकती पाचव्या तारेला बॅटरीशी जोडून ठेवते; पाते घरी पोहोचले की तिच्यातली खाच येते आणि तीच तार अर्थला जाऊन मिळते.

मग मी शहाणपणा करून पाचवी तार हळू वेगाच्या तारेला कायमची पिळून टाकली. स्विच लावला, पाते अर्धी फेरी फिरले आणि फ्यूज उडाला. दुसरा घातला, पुन्हा तसेच. तिसऱ्या फ्यूजच्या वेळी शेजारच्या गाळ्यातले गाड्यांच्या वायरिंगचे काम करणारे मिस्त्री हातातला चहाचा ग्लास घेऊन येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, फ्यूज केव्हा उडतो ते बघा ना, कशानं उडतो ते नंतर." तो दर वेळी पाते घरी पोहोचताच उडत होता. स्विचकडून बॅटरीची वीज येत असतानाच चकती त्या तारेला अर्थ दाखवत होती. ते शॉर्टसर्किट मी स्वतःच्या हातांनी पिळून तयार केले होते.

या दोन तारा एकत्र यायला हव्यात, पण फक्त स्विच बंद असताना, आणि ते काम स्विचच्या आतच व्हायला हवे. स्विचमागची टोके मल्टिमीटरने तपासली, तेव्हा बंदच्या खुणेवर दोन टोके आपसांत जोडलेली सापडली. मला इतका वेळ तो स्विचचा बिघाड वाटत होता! तारा तिथे नेल्या. आता बंद केल्यावर चकती मोटरला घरापर्यंत वीज पुरवते, आणि घर येताच मोटरची दोन्ही टोके अर्थला मिळतात. फिरत्या वेगात असलेली मोटर त्या क्षणी वीज खाण्याऐवजी वीज निर्माण करू लागते, ती वीज तिच्याच तारांत कोंडली जाते आणि तिलाच आवरते. म्हणूनच पाते घरंगळत पुढे जात नाही, टक्कन थांबते. हे मी पुस्तकात वाचलेले होते. हाताला तो टक्कन बसणारा झटका मात्र पहिल्यांदाच जाणवला.

उरलेले काम किरकोळ होते. मोटरचा पाया रंगावर बसत असल्यामुळे अर्थ धड मिळत नव्हता, म्हणून चासीवर घासून एक उघडी जागा केली आणि थिंबल, म्हणजे तारेच्या टोकाची धातूची कडी, लावून वेगळी तार घट्ट आवळली. वायपरचे दांडे मोटर घरी थांबवून घेतल्यावरच बसवायचे असतात, नाहीतर पात्याचे घर एकीकडे आणि मोटरचे दुसरीकडे असा संसार होतो. कोरड्या काचेवर वायपर चालवला तर रबर आणि काच दोन्ही खराब होतात, तेव्हा पुतण्याला पाण्याचा पाईप धरून बॉनेटवर बसवले.

नाना चालकाच्या जागेवर चढून बसले. त्यांनी इंजिन सुरू केले, वायपर लावला आणि माझ्याकडे न बघता अॅक्सिलरेटर थेट तळापर्यंत दाबला. शेड घुमली. पाते ढिम्म बदलले नाही. त्याच चालीने इकडून तिकडे जात राहिले. त्यांनी सोडून पुन्हा दाबला. "हिला आता घाट कळायचाच नाही," ते म्हणाले. त्यात कौतुक किती आणि तक्रार किती, हे मला ठरवता आले नाही.

पुढे बराच वेळ ते नुसतेच बसून राहिले, इंजिन चालू, पाईपचे पाणी काचेवरून ओघळते आहे. मी दरवाज्यापाशी उभा राहून चौथा फ्यूज गरम होतो का ते चाचपत होतो, तेव्हा माझी नजर खाली गेली. दर तीन-चार फेऱ्यांनी त्यांचे उजवे पाऊल अॅक्सिलरेटरवरून क्षणभर वर येत होते, आणि पाते त्याची वाट न पाहता पुढे निघून जात होते.